शेतांतला धडा कोणासाठीं?

आपल्या प्रभूनें देवराज्याचें रहस्य उलगडतांना पेरणारा, खमीर, हरवलेलें नाणें असे घरांतले व शेतांतलेच दाखले घेतले. म्हणून नित्याच्या गोष्टींत देवाची शिकवण शोधणें ख्रिस्ती मनुष्याला साजेसेंच आहे. परंतु सांपडलेला धडा देवाचा कीं आपल्याच मनाचा, हें ओळखावें कसें?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम भागांतील भातशेती पाहा. उन्हाळ्यांत गोवऱ्या, फांद्या व पालापाचोळा पसरून राब भाजतात आणि त्या भाजलेल्या जमिनींत भाताचें बीं टाकतात. रोपें वाढलीं कीं तीं उपटून खाचराच्या चिखलांत लावतात. या आवणीनंतर रोप चारदोन दिवस पिवळें पडतें. मग नवी मुळी धरून हिरवें होतें. न उपटलें तर दाटींत खुंटतें. ज्याला विश्वासासाठीं आप्त दुरावले, त्यानें या रोपाकडे पाहून धीर धरावा. हा धडा खरा आहे. कारण तो घेणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला लागू पडतो.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. 30 जुलै 2014 रोजीं सकाळीं आंबेगाव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा कडा कोसळला. एस. टी. बसचा चालक नेहमींच्या वाटेनें आला, तों त्याला गांव दिसेना. दीडशेहून अधिक माणसें चिखलाखालीं गेलीं. अशा वेळीं कोणी सहज म्हणतो, 'त्यांचें कांहीं पाप असेल.' हें बोलणें भक्तीचें वाटतें, पण तें भक्तीचें आहे काय?

लूकाच्या 13 व्या अध्यायांत हाच प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते यरुशलेमांतल्या इतरांहून अधिक अपराधी होते काय, असें प्रभूनें विचारिलें. आणि 'नाहीं' असें उत्तर देऊन ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करावयास सांगितलें. मेलेल्यांचा न्याय करण्याचें काम त्यानें कोणावरहि सोंपविलें नाहीं.

येथें आपल्याला कसोटी मिळते. जो धडा मला नम्र करितो व शेजाऱ्याकडे धाडतो, तो विश्वासानें घ्यावा. जो शेजाऱ्याला अपराधी व मला निर्दोष ठरवितो, तो टाकून द्यावा, मग त्याला शास्त्रवचनाचा कितीहि आधार दाखविलेला असो.

कोणी म्हणेल, मुसळधार पावसानें भिजून सैल झालेला उतार कोसळला, एवढेंच खरें; त्यांत धडा कसला? कारण समजून घेणें हा अविश्वास नव्हे. पावसाचे व मातीचे नियम देवानेंच घालून दिले आहेत. ते जाणल्यानें आपलें कर्तव्य अधिक स्पष्ट होतें. माळीणचे वांचलेले लोक 2017 सालीं नव्या घरांत राहावयास गेले. घरें बांधून झालीं तरी त्यांचें दुःख सरलें असें कोणीं समजूं नये.

उपदेशक बंधूंनो, पावसाळ्यांत डोंगराला भेग पडलेली दिसली, तर तिचा अर्थ सांगत बसूं नका. आधीं खालच्या वस्तींतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना व लेंकरांना सुरक्षित जागीं न्या, गुरें सोडवा, तलाठ्याला व तहसीलदाराला कळवा. रविवारच्या उपासनेंत दाखला सांगावयाचा असेल, तर मग तो सांगा. आणि तो प्रथम आपल्या स्वतःला लावून पाहा. असें करण्यास प्रभु आपणां सर्वांस बुद्धि देवो.