सुधारून वाढविलेली आवृत्ती : जीर्णोद्धार, पाठ आणि एक जुनी फियाट

मराठी ग्रंथव्यवहारात 'सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती' ही शब्दसंहती इतकी रुळली आहे की तिच्यातला पेच आपल्याला जाणवेनासा झाला आहे. पुस्तक तेच आहे, म्हणून तिला आवृत्ती म्हणायचे. आणि ते तेच राहिलेले नाही, म्हणून ती नव्याने विकत घ्यायची. ग्रंथाच्या बाबतीत हा पेच आपण शीर्षकपृष्ठावरच्या एका ओळीत मिटवून टाकतो. वस्तूच्या बाबतीत तो इतक्या सहजी मिटत नाही. नागपुरात धरमपेठेसारख्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या बंगल्याच्या आवारात वीस-पंचवीस वर्षे ताडपत्रीखाली पडलेली फियाट बाहेर काढली जाते, तिचा गंज खरवडला जातो, पत्रा बदलला जातो, आत वातानुकूलन आणि नव्या बैठकी बसतात, आणि मग 'अस्सल, पूर्ण नूतनीकृत, आधुनिक सोयींसह' अशा शब्दांत ती विक्रीस निघते. या तीन विशेषणांपैकी प्रत्येक विशेषण उरलेल्या दोहोंना खोटे पाडते. तरीही जाहिरात वाचणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही, आणि गिऱ्हाईक मिळते. हे कसे शक्य होते आणि या व्यवहारात नेमके काय विकले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न मोटारीचा असला तरी तो आपल्या, म्हणजे संहितांचा व्यवहार करणाऱ्यांच्या, अंगणातला आहे असे मला वाटते.

मुळात या गाडीला इटालियन म्हणावे की नाही, येथूनच प्रारंभ करावा लागेल. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हातून तुरिनमध्ये घडलेली छोटी फियाट ५०० प्रथम १९३६ मध्ये आली. इटलीत तिला मिकी माऊसचे नाव मिळाले : तोपोलिनो. १९५७ मध्ये त्याच अभियंत्याने मागे इंजिन असलेली, दोन सिलिंडरांची, हवेने थंड होणारी नवी ५०० घडवली. अरुंद गल्ल्यांच्या शहरासाठी आणि स्कूटरवरून चारचाकीकडे वळणाऱ्या कुटुंबासाठी ती होती. आपल्याकडे मात्र घराघरांत पोचली ती तिची थोरली बहीण, फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या सहकार्याने १९५४ पासून जी ११०० आणली, तिला लोकांनी तिच्या गोलमटोल अंगामुळे 'डुक्कर फियाट' म्हटले. पुढे तीच डिलाइट झाली, १९७३ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मात्र दीर्घकाळ तेच राहिले. तुरिनमध्ये तिचे उत्पादन केव्हाच थांबले होते. कुर्ल्यात ते या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालले. देशीवादाच्या चर्चेत आपण शब्दांचे, छंदांचे, कादंबरीचे देशीकरण तपासतो. एका इटालियन यंत्राला मराठी शिवीवजा लाडके नाव मिळणे, त्याचा राणीच्या नावाने नामकरणविधी होणे, त्याची टॅक्सी होऊन काळापिवळा रंग त्याच्या अंगी मुरणे, ही प्रक्रियाही त्या तपासणीला पात्र आहे. तेव्हा जीर्णोद्धार करताना जे 'मूळ' शोधायचे, ते तुरिनचे की कुर्ल्याचे, हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. दाराचे हँडल इटलीहून मागवणारा हौशी मालक अधिक अस्सल वस्तू घडवत नसतो. तो जी गाडी नागपुरात कधी नव्हतीच, ती घडवत असतो.

या प्रश्नाला कायद्याने एक उत्तर देऊन ठेवले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' ठरवण्याची तरतूद झाली. अशा गाडीला क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये भरावे लागतात, आणि ती नित्याच्या अथवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. एरवीही १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून गाडीने ढळू नये असेच सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा अर्थ पक्का केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मूळपण हा वस्तूचा एक गुण आहे : ज्याला हात लागला नाही ते मूळ. ही व्याख्या प्रशासनाला सोयीची आहे, परंतु जी गाडी वापरली गेली तिला ती लागू पडत नाही. त्यातून फियाट ११०० मध्ये सांगाडा आणि बाह्यांग हे दोन वेगळे पदार्थच नाहीत. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा आहे. विदर्भातल्या पावसाळ्यांत तळाचा पत्रा कुजला आणि तो कापून नवा जोडला, की कायद्याच्या भाषेत मूळ शरीरालाच हात लागला. ज्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेला आहे, तेवढा तुकडा टिकला म्हणजे गाडी टिकली काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो : रथ म्हणजे आस काय, चाके काय, जू काय, लगाम काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेरीस कबूल करतो की या साऱ्यांच्या आधाराने 'रथ' हे केवळ एक नाव, एक व्यवहार चालतो. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव देणाऱ्या डॉ. आंबेडकरांमुळे हा संवाद मराठी मनाला परका राहिलेला नाही. नागपुरात तर नागसेन नावाचा विद्यार्थी वर्गात भेटतोच. पाश्चात्त्य परंपरेत प्लुटार्कने सांगितलेले थिसिअसचे जहाज याच जातीचे. फळ्या एकेक करून बदलत गेलेले. त्याला हॉब्जने १६५५ मध्ये एक पीळ दिला : काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? वाहनांच्या भंगारबाजारात हॉब्जची ही कल्पना रोजचा व्यवहार आहे. ज्या गाडीचे सुटे भाग बनणे बंद झाले, तिचा जीर्णोद्धार दुसऱ्या तशाच गाडीचे विच्छेदन केल्याशिवाय होत नाही. एक फियाट अस्सल व्हावी म्हणून दुसरी फियाट नाहीशी व्हावी लागते.

नागसेनाच्या उत्तरावरून काही जण घाईने असा निष्कर्ष काढतात की मग अस्सल-नक्कल हा भेदच भ्रामक आहे. मला तो निष्कर्ष पटत नाही. ओळख ही वस्तूत नसून नावाच्या व्यवहारात असेल, तर त्या व्यवहारातल्या सचोटीची जबाबदारी उलट वाढते. सुट्या भागांत सत्य नाही म्हटल्यावर ते राहायचे कोठे? बोलण्यात. 'ही तीच गाडी' हे विधान वर्णन राहत नाही, ते साक्ष होते. आणि साक्ष खरी की खोटी हे विचारता येते.

वास्तूंच्या संदर्भात एकोणिसाव्या शतकाने या प्रश्नाची दोन टोके गाठली. जीर्णोद्धार म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत असत्य, ही रस्किनची १८४९ मधली भूमिका. आणि वास्तूला जी पूर्णावस्था कदाचित कधीच लाभली नव्हती ती मिळवून देणे म्हणजे जीर्णोद्धार, ही व्हियोले-ल्-द्युकची. अहिल्याबाईंच्या काळी कोणी रस्किन वाचला नव्हता. काशीचे देऊळ नव्याने उभे राहिले, आणि देव तोच राहिला. आपल्याकडे जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे मानले, परंतु त्यात जुने दगड टिकवण्याचा आग्रह नव्हता. पूजेची परंपरा तुटू नये हा होता. या दोन टोकांपेक्षा मला चेझारे ब्रांदी या इटालियन अभ्यासकाचा १९६३ मधला विचार अधिक उपयोगी वाटतो. चित्राचा गळालेला भाग भरताना तो दुरून अखंड दिसावा, परंतु जवळ गेल्यावर भर कोठे घातली आहे ते डोळ्यांना कळावे, असा त्याचा दंडक आहे. काळाने वस्तूवर उमटवलेली छटा हीही वस्तूच्या इतिहासाचाच भाग, म्हणून ती पुसू नये. नूतनीकृत मोटारीचे अवघे कौशल्य याच्या नेमके उलट दिशेने चालते. पुट्टी घासून, रंगाचे हात एकावर एक चढवून सांधा दिसेनासा करायचा, एवढेच नव्हे तर गाडीवरून वर्षे गेलीच नाहीत असे भासवायचे. येथे भूतकाळ विकला जातो, पण त्यातून काळ काढून घेऊन. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१७ मध्ये १९६८ ची एक फियाट ५०० आपल्या संग्रहात घेतली. तेथे निदान ती आता चालणार नाही हे उघड आहे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या ठिकाणी लीळाचरित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी रिद्धपुरात सिद्ध केलेली मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आज डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनात आपण जे वाचतो, ते या अर्थाने जीर्णोद्धारित आहे. परंतु त्या परंपरेने एक गोष्ट कटाक्षाने जपली. जो पाठ ज्याच्या स्मरणातून आला, त्याला त्याचे नाव चिकटून राहिले : हा हिराइसेचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा. एका लीळेविषयी दोघांचे सांगणे जुळले नाही, तर ते न जुळणे पुसले गेले नाही. सांधा उघडा ठेवला गेला. म्हणूनच मूळ पोथी नसतानाही लीळाचरित्र विश्वसनीय राहते, आणि तेराव्या शतकातल्या गद्याची चर्चा आपण त्याच्या आधारे करू शकतो. एकनाथांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तसे स्वतःच्या नावानिशी व शकासह नोंदवले, आणि यापुढे कोणी तिच्यात ओवी घालू नये असे बजावले. ज्या प्रतींवरून त्यांनी ही शुद्धी केली त्यांचा मात्र मागमूस उरला नाही. राजवाड्यांना १९०९ मध्ये एकनाथपूर्व पोथी म्हणून एक प्रत पुढे करावी लागली आणि तिच्यावरून पुढे कितीतरी वाद झाले, ते या पुसल्या गेलेल्या सांध्यामुळेच. तरीही एकनाथांनी आपले नाव लिहिले होते. कोणाचा हात फिरला हे वाचकाला ठाऊक होते.

'सुधारून वाढविलेली' यातला दुसरा शब्द आतापर्यंत बाजूला राहिला. जीर्णोद्धाराचे शुद्धतावादी अशा वाढीला भ्रष्टता मानतात. वातानुकूलनाविषयी मला त्यांच्याशी भांडायचे नाही. नागपूरच्या मे महिन्यात शुद्धतावाद कितपत टिकतो हा त्यांचा प्रश्न. परंतु जुन्या फियाटच्या चारही चाकांना असलेले ड्रमचे ब्रेक काढून पुढे डिस्कचे बसवावेत काय, आसनपट्टे नसलेल्या गाडीला ते लावावेत काय, या प्रश्नांना निव्वळ रसिकतेच्या कक्षेत उत्तर नाही. त्या काळी रस्त्यावर तिच्यासोबत टांगे आणि सायकली होत्या. आज वर्धा मार्गावर तिच्यापुढे आणि मागे जी वाहने आहेत ती तिच्या दुप्पट वेगाने धावू शकतात. मागच्या बैठकीवर बसलेल्या मुलाला मूळपणाचे मूल्य भरायला लावण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला? वस्तूशी निष्ठा आणि माणसांविषयीची जबाबदारी यांचा येथे खरा संघर्ष होतो, आणि तो झाल्यावर निष्ठेने मागे सरावे असे मी म्हणेन. संहितेच्या संपादकाला ही अडचण नसते. चुकीच्या पाठाने कोणाचा जीव जात नाही, हे आमच्या शास्त्राचे सुदैव आहे. तेव्हा बदलले त्याबद्दल दोष नाही. ब्रेक बदलून 'कारखान्यातून आली तशी' असे लिहिणारा आणि ब्रेक बदलले असे लिहिणारा, या दोघांच्या गाड्या तंतोतंत सारख्या असतील; त्यांची कृत्ये मात्र भिन्न आहेत.

मूळपणाची कायदेशीर कल्पना किती विपरीत ठरू शकते, हे टॅक्सीच्या उदाहरणाने दिसेल. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून दिसेनाशी झाली. ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत संपली होती. या टॅक्सींत मूळ असे काय उरले होते? पेट्रोलवर चालण्यासाठी घडलेल्या इंजिनाला नैसर्गिक वायू लावला गेला होता, तोही चालकाच्या हौसेखातर नव्हे, शहराच्या हवेखातर. डिकीत टाकी आली, बैठकीवर फुलाफुलांचे कापड आले, छतावर रंगीत छाप आले, आणि हाताला येईल त्या भागाने दुरुस्ती होत राहिली. तरीसुद्धा सातत्याच्या कसोटीवर या गाड्यांइतकी अस्सल पद्मिनी दुसरी नसेल. रोज, त्याच कामासाठी, त्याच शहरात, बहुधा त्याच हातांखाली त्या चालल्या. कायद्याने त्यांना भंगार ठरवले. त्यांच्याहून वयाने मोठी, पण अर्धे आयुष्य ताडपत्रीखाली निजलेली गाडी उठून वारसा होऊ शकते. जी राबली तिला मुदत आणि जी राबली नाही तिला मान, ही मूल्यव्यवस्था वस्तूंपुरती मर्यादित आहे असे कोणी समजू नये. आपल्या वाङ्मयेतिहासातही अखंड वापरात राहिलेल्या, गायल्या जाऊन बदलत गेलेल्या रचनांना 'भ्रष्ट पाठ' आणि बासनात पडून राहिलेल्या प्रतीला 'शुद्ध पाठ' म्हणण्याची सवय आपल्याला आहे. प्राचीन प्रतीचे महत्त्व मी नाकारत नाही, वर्गात मीही तेच शिकवतो. पण बासनातली प्रत शुद्ध राहिली, याचे एक कारण ती कोणी वाचली नाही हेही असते.

त्या टॅक्सींचे दरवाजे, काचा, गिअरचे दांडे आज कोठे आहेत? बऱ्याच वस्तू वितळल्या असतील. काही निश्चितच जीर्णोद्धारित गाड्यांच्या अंगी लागल्या असतील आणि तेथे त्यांच्यावरचा काळापिवळा रंग खरवडून वर आकाशी किंवा दुधी रंग चढला असेल. जाहिरातीत त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. तुरिन शहराच्या नावाने जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये जी सनद स्वीकारली, तिच्यात केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे. आपल्याकडे एवढ्या नोंदीची सवय अजून लागलेली नाही. गाडीच्या नोंदणीपुस्तकात सांगाड्याचा क्रमांक असतो, इंजिनाचा असतो, रंग असतो, इंधन असते, कर्ज कोणाचे होते तेही असते, आणि एकामागून एक मालकांची नावे असतात. ज्या मिस्त्रीने तळाचा पत्रा कापून नवा जोडला, त्याच्या नावासाठी त्यात रकाना नाही.