संघाचे अंथरूण: अनासक्ती आणि निगा

सर्वस्वाचा त्याग केलेल्या माणसाने ज्या अंथरुणावर रात्र काढायची, त्या अंथरुणाची निगा त्याने का राखावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी संन्यासधर्माच्या विचारातील एक अवघड जागा तो दाखवतो. निगा राखण्यामागे बहुधा ममत्व असते. गादीला ऊन दाखवणारा, उशीचे अभ्रे धुणारा, पावसाळ्याआधी गोधड्या वाळवून घडी घालून ठेवणारा गृहस्थ हे सारे आपल्या घरासाठी आणि आपल्या माणसांसाठी करीत असतो. ज्याने घर सोडले आणि त्याबरोबर 'आपले' म्हणण्याचा अधिकारही सोडला, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात असे दिसते: वस्तूविषयी उदासीन होऊन तिला कुजू द्यावे, किंवा तिची काळजी घेता घेता ममत्वाला चोरपावलांनी परत येऊ द्यावे. पालि विनयपिटकाने, म्हणजे बौद्ध भिक्षु-भिक्षुणींच्या आचारनियमांच्या संग्रहाने, या दोन्ही वाटा नाकारल्या. आणि तिसरी वाट मोठ्या तात्त्विक विवेचनातून न सांगता पलंग, गादी, उशी आणि चादर यांच्या बारीकसारीक नियमांतून सांगितली. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी 'बौद्धसंघाचा परिचय' लिहून संघाचे नियम मराठी वाचकांसमोर ठेवले, तरी विनयाकडे तत्त्वचिंतन म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

विनयात निवासाला आणि त्यातील झोपण्याबसण्याच्या साहित्याला मिळून 'सेनासन' म्हणजे शयनासन म्हणतात. त्यात मंच (पलंग), पीठ (बसायची चौकी), भिसि (भरलेली गादी) आणि बिंबोहन (उशी) या चार वस्तूंचा उल्लेख वारंवार एकत्र येतो. भिसि पाच प्रकारची सांगितली आहे: लोकरीची, कापडाची, झाडाच्या सालीची, गवताची आणि पानांची. या वस्तू सामान्यतः एखाद्या भिक्षूच्या नसून 'संघिक' असत, म्हणजे त्यांची मालकी संघाकडे असे, आणि हा संघ त्या विहारात त्या दिवशी हजर असलेल्यांपुरता मर्यादित नव्हता. नाशिक, कार्ले आणि कान्हेरी येथील शिलालेखांत दानाचा स्वीकार करणारा म्हणून ज्याचा निर्देश येतो तो 'चातुर्दिश' संघ, म्हणजे चारही दिशांचा, आलेल्यांचा आणि पुढे येणार असलेल्यांचा संघ, हाच त्यांचा धनी. म्हणूनच पलंग, चौकी, गादी आणि उशी यांची गणना 'गरुभंड' म्हणजे जड मालमत्तेत केली गेली, आणि अशी मालमत्ता जमलेल्या भिक्षूंनी एकमताने ठरवले तरी आपसांत वाटून घेता येत नाही, असा निर्बंध घातला गेला. पुढच्या पावसाळ्यात कोण येईल हे ठाऊक नसताना त्याचा हक्क आजच्या बहुमतापासून सुरक्षित ठेवणारा हा विचार, संपत्तीविषयीच्या प्राचीन भारतीय चिंतनात विशेष मानावा लागतो.

मालकी गेली म्हणजे काळजी आपोआप शुद्ध होते, असा भाबडा समज मात्र विनयकारांचा नव्हता. नियमांच्या मुळाशी सांगितलेल्या कथा पाहिल्या तर त्या बहुतेक सगळ्या हलगर्जीपणाच्या आहेत. थंडीच्या दिवसांत भिक्षूंनी उघड्यावर अंथरुणे मांडून उन्हात अंग शेकले आणि वेळ झाल्यावर ती तशीच टाकून ते निघून गेले. पावसाने सारे भिजले. दुसऱ्या प्रसंगी विहारात राहिलेला भिक्षूंचा एक गट अंथरूण न आवरता, कोणाला न सांगता निघून गेला आणि ते वाळवीने खाल्ले. यावरून दोन 'पाचित्तिय' नियम झाले. पाचित्तिय म्हणजे दुसऱ्या भिक्षूसमोर कबुली देऊन ज्याचे निवारण होते असा दोष. संघाचे अंथरूण उघड्यावर किंवा विहारात मांडल्यावर ते स्वतः उचलावे, दुसऱ्याकडून उचलवून घ्यावे, निदान जाताना कोणाला तरी सांगून जावे, एवढीच त्यांची मागणी आहे. गवताने किंवा पानांनी भरलेली गादी एकदा भिजली की आतून कुजते, ओल धरते आणि वाळवीला आमंत्रण देते, हे ज्यांनी पाहिले होते त्यांनीच हे नियम केले असणार. सर्वांची वस्तू ही कोणाचीच नसते असे मानण्याकडे माणसाचा कल असतो, आणि प्रव्रज्या घेतल्याने तो कल नाहीसा होत नाही, हे इथे न लपवता मान्य केले आहे.

स्वच्छतेची प्रत्यक्ष रीत 'वत्तक्खंधक' या प्रकरणात सांगितली आहे. 'वत्त' म्हणजे रोजच्या वागण्यातले कर्तव्य. विहार मळला असेल तर आधी पात्र आणि चीवर बाहेर काढून एका बाजूला ठेवावे, मग बसायचे वस्त्र आणि चादर, मग गादी आणि उशी. पलंग खाली वाकवून, न घासता, दाराला आणि चौकटीला धक्का न लावता बाहेर न्यावा. पलंगाच्या पायांखालचे आधार, थुंकदाणी, टेकायची फळी यांच्यानंतर जमिनीवरचे अंथरण काढावे, आणि ते काढण्यापूर्वी कसे घातले होते ते नीट पाहून ठेवावे. जाळी-जळमटे छतापासून काढायला सुरुवात करावी, खिडक्या आणि कोपरे पुसावे, रंगवलेली भिंत डागाळली असेल तर ओले फडके पिळून पुसावी, आणि साधी जमीन असेल तर धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून झाडावी. मग अंथरण, पलंग, चौकी, गादी, उशी, चादर ही प्रत्येक वस्तू उन्हात वाळवून, साफ करून, झटकून आत आणावी आणि जिथे जशी होती तिथे तशी मांडावी. झटकण्याची जागासुद्धा ठरलेली आहे: भिक्षूंच्या जवळ नको, विहाराजवळ नको, पिण्याच्या पाण्याजवळ नको, वापरायच्या पाण्याजवळ नको, वाऱ्याच्या तोंडाला नको; वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला झटकावे. पूर्वेकडून धुळीचा वारा सुटला तर पूर्वेच्या खिडक्या लावाव्यात, हिवाळ्यात त्या दिवसा उघड्या आणि रात्री बंद ठेवाव्यात, उन्हाळ्यात याच्या उलट करावे.

या सूचना एखाद्या दक्ष गृहिणीच्या शिस्तीसारख्या वाटतील, आणि तशा त्या आहेतही. पण त्यांत दुसरेही काही आहे. गादी झटकणे ही कृती एकट्याची असली तरी तिची धूळ एकट्याची राहत नाही, आणि नियमकाराची नजर गादीवरून हटून त्या धुळीमागे जाते: ती कोणाच्या अंगावर पडेल, कोणाच्या पाण्यात जाईल. आपली स्वच्छता दुसऱ्याकडे घाण ढकलून साधत असेल तर ती स्वच्छता नव्हे, हे नीतितत्त्व इथे वाऱ्याच्या दिशेच्या रूपाने आले आहे, आणि याहून नेमक्या रूपात ते क्वचितच कुठे आले असेल.

शुद्धीच्या ज्या कल्पनेशी सामान्य भारतीय वाचक परिचित असतो तिच्याशी ही दृष्टी ताडून पाहण्याजोगी आहे. धर्मशास्त्रात 'द्रव्यशुद्धी' म्हणजे वस्तूंच्या शुद्धीचा विचार विस्ताराने येतो. मनुस्मृतीच्या ५ व्या अध्यायात वस्त्रांचा मोठा ढीग असेल तर पाणी शिंपडणे पुरेसे मानले आहे आणि थोडी वस्त्रे असतील तर ती धुवायला सांगितली आहेत. स्मृतिपरंपरेत असाही एक विचार आढळतो की स्वतःची शय्या आणि स्वतःचे वस्त्र माणसाला स्वतःपुरते शुद्ध असते, इतरांना ते अशुद्ध असते. या विचाराला व्यवहाराचा आधार आहे, कारण परक्याच्या अंथरुणाची किळस जवळपास सर्वांनाच वाटते. संघात मात्र कोणतेही अंथरूण कायमचे स्वतःचे नसल्यामुळे 'माझ्यापुरते शुद्ध' हा आसराच उरत नाही. काल तिथे दुसरा झोपला होता आणि उद्या तिसरा झोपेल, म्हणून वस्तूची शुद्धी मालकाच्या नात्यावर न ठरता प्रत्यक्ष मळ, ओल आणि धूळ यांवर ठरू लागते. न धुतलेल्या किंवा ओल्या पायांनी, वहाणा घालून शयनासनावर चढू नये, चादर घालूनच आडवे व्हावे, अंथरूण खराब होऊ नये म्हणून आपले बसायचे वस्त्र बाळगावे, हे नियम त्यातूनच निघाले. याच संघात अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या आणि कोणीही न विचारलेल्या भिक्षूला बुद्धाने आपला शिष्य आनंद याच्यासह स्वतःच्या हातांनी धुऊन पलंगावर ठेवल्याची कथा सांगितली जाते. किळस ही विटाळाची खूण न मानता कामाची सूचना मानली, हा त्या कथेचा विनयाच्या दृष्टीने खरा अर्थ.

स्वच्छ अंथरूण आणि मऊ अंथरूण या दोन गोष्टींत विनय काटेकोर फरक करतो. कापूस भरलेला पलंग किंवा चौकी करवून घेतली तर तो कापूस उपसून काढावा लागे; पलंगाच्या पायांची उंची ठरलेली असे आणि त्याहून उंच पाय कापून टाकावे लागत; उशी डोक्यापुरती चाले, अर्ध्या अंगाएवढी चालत नसे. तरीही त्याच उपसलेल्या कापसाला पिंजून त्याच्या उशा करण्याची मुभा होती. सुखाची मर्यादा घालताना वस्तू फेकून द्यायची नाही, हा विवेक यात दिसतो. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातील खोल्यांत कोरलेले दगडी ओटे आणि त्यांवरील उशीसारखे उंचवटे पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की वैराग्याचे जे रूप आपल्यापुढे उरले आहे ते फक्त न कुजणाऱ्या भागाचे आहे. ज्याला ऊन दाखवावे लागे, झटकावे लागे, शिवावे लागे, तो भाग काळाने नेला.

वस्तूच्या आयुष्याविषयीचा विनयाचा सर्वांत सुंदर उतारा राजा उदेन आणि आनंद यांच्या संवादात आहे. राणीवशाने आनंदाला ५०० वस्त्रे दिली हे ऐकून राजा विचारतो की एका श्रमणाला एवढी वस्त्रे कशाला, तो व्यापार करणार आहे की काय. आनंद सांगतो की ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरणे, जुन्या अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी, आणि ती फडकीही फाटली की त्यांचे तुकडे कुटून, चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवणाऱ्या महाराष्ट्रातील घरांना ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. इथे मात्र ती गरिबीतून आलेली नाही. राजघराण्यातून आलेल्या ५०० वस्त्रांच्या बाबतीत ती सांगितली आहे. दात्याने दिलेली वस्तू तिच्या शेवटच्या धाग्यापर्यंत कोणाच्या तरी उपयोगी पडणे, हीच दात्याविषयीची कृतज्ञता, असा तिचा आशय आहे, आणि राजाची शंका फिटते ती या हिशेबाने.

सर्वांत कठीण पेच मात्र अंथरुणातील जीवांचा आहे. पलंगाच्या फटींत ढेकूण होतात, आणि गादी उन्हात टाकणे, झटकणे, फटी साफ करणे यांतून ते मरू शकतात. पण जाणूनबुजून प्राणी मारणे हाही पाचित्तिय दोषच. इसवी सनाच्या ५ व्या शतकात सिंहलद्वीपात विनयावर भाष्य करणाऱ्या बुद्धघोषाच्या परंपरेने हा पेच टाळला नाही. पलंग-चौकी साफ करताना ढेकणाचे अंडेसुद्धा, ते सजीव आहे हे जाणून चिरडले तर दोष लागतो, म्हणून अशा ठिकाणी करुणा जागी ठेवून सावधपणे कर्तव्य करावे, असे तेथे सांगितले आहे. दोन्ही बाजू येथे कायम राहतात: जीव आहे म्हणून साफसफाई थांबवायची नाही, आणि साफसफाई हे कर्तव्य आहे म्हणून जीवाकडे डोळेझाक करायची नाही. जैन परंपरेने याच प्रश्नाला 'प्रतिलेखना' हे स्वतंत्र व्रताचार म्हणून उत्तर दिले. ती म्हणजे वस्त्र, कांबळे, संथारा म्हणजे झोपायचे अंथरूण, यांची ठरल्या वेळी बारकाईने पाहणी करून जीव असल्यास तो मऊ साधनाने, श्वेतांबर साधूंच्या बाबतीत लोकरीच्या रजोहरणाने आणि दिगंबर मुनींच्या बाबतीत मोरपिसांच्या पिंछीने, अलगद दूर करणे. जैन विचारात भर वस्तू उचलण्या-ठेवण्याच्या सावधपणावर आहे, तर बौद्ध विनयात तो कर्त्याच्या जाणिवेवर आणि हेतूवर आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: रोज पाहिलेल्या अंथरुणात जीवांची वसती सहसा होत नाही, आणि हिंसेचा प्रसंग मुख्यतः आळसातून निर्माण होतो. नियमित निगा हीच अहिंसेची पूर्वतयारी ठरते, हा निष्कर्ष आजच्या घरांनाही तितकाच लागू पडतो, जिथे महिनोन्‌महिने न हलवलेल्या गादीखाली ढेकूण झाल्यावर विषारी फवारणीखेरीज उपाय सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे पाहता येते. निगा राखण्यात ममत्व आहे की नाही, हे निगेच्या प्रमाणावरून ओळखता येत नाही. संघातील भिक्षूची निगा गृहस्थाच्या निगेपेक्षा कमी काटेकोर नव्हती. ते ओळखायचे ते निघून जाण्याच्या वेळी. गाव सोडणाऱ्या भिक्षूचे वत्त असे की शयनासन कोणाच्या तरी स्वाधीन करावे. कोणीच नसेल तर चार दगडांवर पलंग ठेवून, पलंगावर पलंग आणि चौकीवर चौकी रचून, त्यावर अंथरुणाचा ढीग करून, दारे-खिडक्या लावून निघावे. विहार गळत असेल आणि जमत असेल तर छप्पर शाकारावे, न जमल्यास न गळणाऱ्या जागी साहित्य हलवावे. सगळाच विहार गळत असेल तर ते गावात पोचवावे. आणि तेही शक्य नसेल तर उघड्यावर चार दगडांवर रचून गवताने किंवा पानांनी झाकावे, म्हणजे निदान काही भाग तरी वाचतील. यापुढे विनय काही मागत नाही. संकटात सापडलेल्याला किंवा अडथळ्यामुळे परतू न शकलेल्याला दोष लागत नाही, हेही त्याने स्पष्ट केले आहे. गादी भिजली की वाचली याची चिंता वाटेवर सोबत घेऊन जाण्याचा नियम कुठेही नाही. जो पुढे येईल त्याच्यासाठी हातून होण्यासारखे सारे झाले की कर्तव्याची हद्द तेथे संपते, आणि ममत्व सुरू होते ते त्या हद्दीच्या पलीकडे.