लिफ्टचे किती झाले?

मागच्या दिवाळीत मी नागपूरहून कारंज्याला घरी चालत गेलो. वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे), अमरावती रोडवरचं. वाशिमचं कारंजा नव्हे, हे आम्हाला आयुष्यभर सांगावं लागतं. अंतर साधारण ऐंशी किलोमीटर. एसटीने गेलं तर एक डुलकी काढेपर्यंत गाव येतं. चालत का गेलो, याला फार भारदस्त उत्तर नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसून पाठ आखडली होती आणि ज्या रस्त्याने लहानपणापासून येजा केली, तो एकदा पायाने बघावा असं वाटलं. बॅगेत पॉवर बँक, ओआरएस, सुका खाऊ. फोनमध्ये यूपीआय. तीन दिवसांचा बेत.

बाजारगावपर्यंत मजा आली. कोंढाळीत पोचलो तेव्हा टाचेला फोड आले होते. तिसऱ्या दिवशी कोंढाळी सोडून थोडं पुढे गेलो आणि बूट काढून बघितला, तर मोजा रक्ताने चिकटलेला. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवायला लागलो. सवयीने गाड्या मोजल्या. एकेचाळीस गाड्या गेल्या, एकही थांबली नाही.

बेचाळिसावी एक पिकअप होती. कळमन्याच्या मार्केटात संत्री उतरवून रिकामे कॅरेट घेऊन परतणारी.

"कुठं जाऊन राहिले?"

"कारंज्याला."

"पायदल? काऊन? गाडी नाही भेटली का?"

"भेटली असती. मुद्दाम चालत होतो."

त्याने माझ्याकडे आणि मग माझ्या पायाकडे बघितलं. "बसा," म्हणाला. रात्री दोनपासून तो गाडीवर होता. वाटेत त्याने कोणाचा पोरगा, कोणता वॉर्ड, सगळं काढून घेतलं. मग संत्र्याच्या भावावर बोलत राहिला. कारंज्यात उतरल्यावर मी विचारलं, "किती झाले?" आणि दोनशेची नोट पुढे केली.

"ठेवा जी जवळ. मी का सवारी भरली? कारंज्यालेच येऊन राह्यलो होतो. पायाले हळद लावा."

गाडी गेली. मी नोट हातात धरून उभा. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मनात काहीतरी टोचत राहिलं, आणि ते काय आहे हे समजायला मला बरेच दिवस लागले.

त्याने नोट घेतली असती तर आमचं नातं तिथेच मिटलं असतं. सेवा मिळाली, दाम दिला, तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. पैशाचा हा मोठा गुण आहे, पैसा माणसाला मोकळं करतो. माझा धंदाही तोच आहे. ओटीपी, रेटिंग, लाइव्ह लोकेशन यांच्या जोरावर आम्ही अशी ॲप बनवतो की दोन अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवायची गरजच पडू नये. विश्वास सिस्टिमवर ठेवायचा. पिकअपवाल्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्या बॅगेत काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. जोखीम सगळी त्याची होती, आणि तिचा दर लावायला त्याने नकार दिला.

आमच्याच जिल्ह्यात, पवनारला, विनोबांचा आश्रम आहे. 1962 मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टन असा तो प्रवास झाला. निघण्याआधी ते विनोबांना भेटले, तेव्हा विनोबांनी त्यांना सोबत पैसा न्यायचा नाही असं सांगितलं. सल्ला विक्षिप्त वाटतो, पण त्यामागचा विचार सरळ आहे. खिशात पैसे असले की दमलेला माणूस संध्याकाळी हॉटेल शोधतो, जेवतो, झोपतो, कोणाशी बोलायची गरज पडत नाही. पैसे नसले की माणूस शोधावा लागतो. जेवण मागावं लागतं, आपण कोण ते सांगावं लागतं, समोरच्याचं ऐकावं लागतं.

मी मात्र खिशात पैसे ठेवून मागितलं होतं. माझं चालणं हौसेचं होतं. फोन केला असता तर तासाभरात भाऊ गाडी घेऊन आला असता. टोचत होतं त्यातलं अर्धं हे. उरलेलं अर्धं त्याच रस्त्यावरचं, मे 2020 मधलं.

तेव्हा ऑफिस बंद होतं आणि मी कारंज्याहून काम करत होतो. आमचा हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53. सुरतेकडून येतो आणि नागपूर, रायपूरवरून कोलकात्याकडे जातो. त्या उन्हात या रस्त्याने माणसं पूर्वेकडे चालली होती, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. गावातले काही लोक पाणी, खिचडी वाटत होते. 8 मेला तिकडे औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी मोटरसायकलवर दूध आणायला निघालो होतो. एका माणसाने हात दाखवला. माझ्याच वयाचा असेल. स्लिपरचा पट्टा सुतळीने बांधलेला. हिंदीत म्हणाला, पुढच्या गावापर्यंत सोडा, पाय उचलत नाही.

मी नाही म्हणालो. घरी आई, तिला शुगर. पुढे जिल्ह्याची हद्द, तिथे पोलीस. कारणं सगळी खरी होती, आजही मी ती खोटी म्हणणार नाही. पण मी आणखी एक गोष्ट केली. पाकीट काढलं आणि शंभराची नोट लांबूनच त्याच्याकडे धरली. त्याने घेतली. मी सुटलो.

'सुटलो' हाच शब्द बरोबर आहे. त्याने माझ्याकडे पैसे मागितलेच नव्हते.

1973 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले साठ टक्क्यांहून अधिक थांबले, ज्यांना खूप घाई होती त्यांच्यातले फक्त दहा टक्के. भाषणाचा विषय काय होता, याने फारसा फरक पडला नाही. हे वाचून मला थोडा दिलासा मिळाला. चांगुलपणा स्वभावाइतकाच परिस्थितीवर असतो तर. पण पिकअपवाला रात्री दोनपासून जागा होता, त्याला घरी जायची घाई माझ्यापेक्षा जास्त होती. तो थांबला.

मग तो माझ्यापेक्षा चांगला माणूस का? असेल. पण हेही खरं की मी त्याला 'आपला' वाटलो. त्याच्या गावचा, त्याच्या बोलीचा, पाठीवर महागडी बॅग असलेला पोरगा. मी बाई असतो तर मुळात एकटा असा चाललोच नसतो. वेगळी भाषा आणि सुतळीची चप्पल असती तर तो बेचाळिसावा थांबला असता का, मला माहीत नाही. अनोळखी माणसांची माया म्हणून आपण जिचं कौतुक करतो, ती बहुतेक वेळा अर्ध्या ओळखीच्या माणसांनाच मिळते. ज्याला तिची खरी गरज असते तो आपल्याला फारच अनोळखी वाटतो.

पिकअपवाल्याचं देणं त्याला फेडता येणार नाही, ते त्याने घेतलंच नाही. ते पुढेच द्यावं लागणार, आणि मला वाटतं, मला सोप्या वाटणाऱ्या माणसाला देऊन ते फिटत नाही.

पुण्यात परतल्यावर मी गाडीला दुसरं हेल्मेट लावून ठेवलं. तेव्हापासून चौघांनी हात दाखवला. तिघांना सोडलं. तिघांच्याही पाठीवर लॅपटॉपची बॅग होती. चौथा रात्री साडेदहाला एका बांधकामाच्या साइटबाहेर उभा होता, हातात डबा. मी वेग कमी केला, त्याच्याकडे बघितलं आणि पुढे गेलो. पुढच्या सिग्नलला थांबलो तेव्हा यू-टर्न अगदी समोर होता. घेतला. परत जाईपर्यंत तो तिथे नव्हता.