घुमटावरची बाई

बोरीबंदरच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर एक दगडी बाई उभी आहे. उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. तिचं नाव प्रगती. आपण एवढंच विचारायचं: कुणाची?

१८७८ ला या इमारतीचं काम निघालं. आराखडा स्टीव्हन्स साहेबाचा, काम दहा वर्षं, खर्च १६ लाखांवर. टोकदार कमानी, रंगीत काचा, दगडात कोरलेले मोर नि माकडं. भिंतीवर कंपनीच्या बड्यांचे चेहरे. त्यात जमशेटजी अन् नाना शंकरशेटही. २००४ ला जगानं तिला वारसा म्हटलं.

त्याच १८७८ साली आमच्या नगरावरून दौंड-मनमाड गाडी सुरू झाली. त्याआधीची दोन वर्षं दुष्काळाची. त्या लाइनीची माती वाहिली दुष्काळी कामावरच्या माणसांनी. पोटात काही नाही अन् डोक्यावर पाटी. त्यांचे चेहरे कुठायत?

कुणी म्हणेल, मजुरी दिली, हिशेब मिटला. दोस्तहो, खरी गोम इथंच आहे. मजुरी त्या दिवसाच्या घामाची. शंभर वर्षं वाहवा चाललीय, तिच्यातला वाटा कुणी दिला? स्टीव्हन्सलाही पैसे मिळालेच की. मग त्याचं नाव का उरलं?

रेल्वेनं आमचं भलं केलं हे नाकारत नाही. तिकिटावर जात छापलेली नव्हती. गाव सोडून मुंबई गाठली ती याच रुळांवरून. पण उतरल्यावर? १९०१ च्या सुमाराला मसूर स्टेशनात लहानगे बाबासाहेब भावाभाच्यांबरोबर उतरले. मास्तरानं आधी विचारपूस केली. महार म्हटल्याबरोबर त्याचं तोंड फिरलं. दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी पोरांनाच हाकावी लागली, गाडीवान बाजूनं पायी. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. इंजिन विलायतेचं, फलाटावर मात्र मनूच.

म्हणून नावांची पाटी लावा, एवढंच आमचं मागणं नाही. पाटी लावून लोक मोकळे होतात. स्टेशनाचं मोठेपण घुमटावरून मोजू नका. गाठोडं घेऊन उतरलेल्या शेवटच्या माणसाशी तिथं कसं बोलतात, रुळावरचा मैला कुणाच्या हातांनी उचलला गेला, यावरून मोजा. त्या मापानं बाईच्या हातातलं चाक फिरलंय. मशाल अजून खाली यायचीय.