थकलेल्या मनुष्याचें वाचन

राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवणें गांवीं किंवा आसपासच्या मावळांत भातलावणीचे दिवस आले म्हणजे मनुष्य दिवसभर चिखलांत वांकलेला असतो. संध्याकाळीं तो घरीं येतो, भाकरी खातो, आणि शास्त्र उघडतांच त्याचे डोळे मिटूं लागतात. पाऊस सरला तरी गुरें, पाहुणे व आतां हातांतला मोबाईल हीं विघ्नें आहेतच. अशा वेळीं मनांत प्रश्न येतो कीं, चित्त लागत नसतां केवळ नेम म्हणून वाचणें हें ढोंग नव्हे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ओठांनीं मान देऊन अंतःकरणानें दूर राहणाऱ्यांचा प्रभूनें निषेध केला आहे. परंतु लोकांस दिसावें म्हणून वाचतो तो ढोंगी; थकला असतांही ऐकण्याची इच्छा धरून बसतो तो ढोंगी नव्हे, तो केवळ दुर्बळ आहे. गेथशेमानेंत शिष्य झोंपीं गेले तेव्हां प्रभूनें त्यांची दुर्बळता ओळखिली. पण जागृत राहण्याची आज्ञा मागें घेतली नाहीं. आजारी आईच्या उशाशीं बसलेल्या मुलास डुलकी आली, म्हणून त्याची प्रीति खोटी ठरत नाहीं.

उलट, मन प्रसन्न होण्याची वाट पाहणाऱ्याचें पुस्तक फळीवरच राहतें. भूक लागेल तेव्हां भात लावूं, असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं.

आपल्याच पुणें जिल्ह्यांतील केडगांवचें उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंवर मुक्ति मिशनांतील निराश्रित स्त्रियांचा भार होता. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरीही हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायकांस समजेल अशा मराठींत शास्त्राचें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. १९२४ सालीं तो ग्रंथ छापून निघाला. सुखाच्या व निवांत दिवसांचीच त्यांनीं वाट पाहिली असती, तर तो आपल्या हातीं आला असता काय?

आतां उपाय पाहूं. रानांत इस्राएल लोकांस मान्ना रोजचा रोज गोळा करावा लागे. शब्बाथाखेरीज सांठविलेला नासत असे. म्हणून थोडें वाचा, पण रोज वाचा. रात्रीं डोळे मिटत असतील तर पहांटे शेतावर जाण्यापूर्वीं पांच वचनें पुरेत. तेवढा वेळ मोबाईल दूर ठेवा. घरांत वडिलांस अक्षरओळख नसेल तर शाळेंतल्या मुलानें मोठ्यानें वाचावें व सर्वांनीं ऐकावें. त्यांतील एक वचन मनांत घेऊन बांधावर जावें. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट ओझें घेऊं नये. नेम पुन्हां धरावा, इतकेंच.

उपदेशक प्रत्येक घरीं दररोज येऊं शकत नाहीं. बिरुया येथील लोक प्रेषिताचें ऐकूनही दररोज शास्त्रांत शोध करीत असत. ज्या घरांत पुस्तक उघडत नाहीं, तेथील विश्वास उसना राहतो, आणि उसनें धान्य दुष्काळांत फार दिवस पुरत नाहीं.