तबकावरची ढाल

बंगळूरच्या एचएसआर लेआउटच्या दुसऱ्या सेक्टरमधल्या अण्णांनी कॅन्टोन्मेंट भागातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून चांदीचं इंग्रजी तबक आणलं. मधोमध ढाल, ढालीत तीन पक्षी, वर शिरस्त्राण. कुण्या गोऱ्या घराण्याचं निशाण. मागे बारीक ठसे: चालता सिंह म्हणजे शेकडा 92.5 चांदी, ही खूण 1544पासूनची. बिबळ्याचं तोंड म्हणजे लंडन. राजाचं डोकं म्हणजे कर भरलेला, आणि तो ठसा 1784 ते 1890 एवढीच वर्षं मारत. अण्णांनी सगळं पाठ केलं. पाहुणा आला की तबक उलटं होई आणि त्याचा चहा गार होई.

पण ती ढाल खुपायला लागली. पैसे आपले आणि निशाण परक्याचं! घासून तिथे आपलं आडनाव घालायचं ठरलं.

नगरतपेठेत एक म्हातारा गलाईवाला होता, सांगली जिल्ह्यातला. खानापूर-आटपाडीकडची ही माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पसरलीत. दुकानात तो कानडी बोले, खेकसे मात्र मराठीत. त्याने तबक तोंडाशी धरून ढालीवर हाऽ केलं. वाफेत तीन पक्ष्यांखाली हरणाचं एक पुसट डोकं दिसलं आणि विरलं.

“आदीच्या मालकानं बी हेच केलंय, साहेब. त्याच्या आदीच्याचं घासून आपलं घातलंय.” त्याने अंगठा दाबला, तसं तबक मध्येच लवलं. “पत्रा पातळ झालाय. आता घासलं तर भोक पडंल.”

“पण निशाणाची काही किंमत असेलच की?”

“काट्यावर न्हाई येत ती. कॅन्टोन्मेंटची लई भांडी वितळवली मी. मुशीत रस सगळ्यांचा सारखाच.”

अण्णा चिडूनच घरी आले. काकू ओट्यापाशी लग्नातली परात पुसत होत्या. काठावर ठिपक्यांची अक्षरं: ‘मामांकडून, 1974’. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरची कणीक अजून त्यांच्याच परातीत मळली जात होती. अण्णांनी ती अक्षरं दोनदा वाचली. एरवी ते फक्त ठसे वाचत.

पुतणीच्या लग्नात त्यांनी तबक आहेर म्हणून दिलं.

“काका, तुमचं नाव नाही घातलंत?”

“जागा नव्हती गं,” अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच तबक उलटं न करता पंगतीत जाऊन बसले.