शनिवारी थांबलेला घाणा

वर्धा नदीच्या काठचे आमचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. दरवर्षी आषाढीसाठी तिची पालखी येथून पंढरपूरला निघते. आम्हां ख्रिस्ती माणसांचा तिच्याशी धार्मिक संबंध नाही. तरी सासरी गेलेल्या लेकीचा माहेराला विसर पडू नये, ही त्यामागची भावना कोणालाही कळावी. पालखी पाहताना हल्ली मला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली ही मराठी माणसे भारताला मातृभूमी आणि इस्राएलला पितृभूमी म्हणतात.

त्यांच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. परंतु शनिवारी घाण्याला बैल जुंपीत नसत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली. शब्बाथ, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना एवढे उरले. आडनावे मात्र पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी अस्सल कोकणी झाली. १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले. युरोपात त्याच शतकांत यहुद्यांच्या वस्त्या कोंडल्या जात होत्या. कोकणात त्यांना कोणी हाकलले नाही.

याचा आपणां मराठी माणसांना अभिमान वाटतो. पण ती सहिष्णुता होती की केवळ जातिव्यवस्थेची सोय? गावाने त्यांना एक पायरी नेमून दिली आणि पुढे काही विचारले नाही. न विचारणे म्हणजे प्रेम नव्हे. तरीही ज्याला रोज दाराशी येणाऱ्या धाडीची भीती असते, त्याला हा भेद फार बारीक वाटेल, हेही मान्य केले पाहिजे.

आता आपल्या घरात पाहू. नवगावापासून फारसे दूर नसलेले चौल तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. त्याचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. गार्सिया द ऑर्ता हे यहुदी कुळातले ख्रिस्ती वैद्य १५३४ मध्ये भारतात आले. येथील औषधी वनस्पतींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये ते वारले. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांची बहीण कातारिना हिला पुढच्याच वर्षी जिवंत जाळण्यात आले; १५८० मध्ये तर त्यांच्या स्वतःच्या अस्थी उकरून जाळल्या. मेलेल्या माणसावर खटला! ज्या येशूच्या नावाने हे केले, तो यहुदी मातेच्या मांडीवर 'शमा' शिकला होता.

'ते पोर्तुगीजांनी केले, आमचा काय संबंध?' असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील. वऱ्हाडातल्या माझ्यासारख्याला हे म्हणणे अधिकच सोपे. दोष वारशाने येत नाही, हे खरेच आहे. परंतु वसईत, गोव्यात त्याच हातांनी दिलेला बाप्तिस्मा, ती मंदिरे, ते सण आपण कृतज्ञतेने आपले म्हणतो. घराण्याची शेती घ्यायची आणि घराण्याचे कर्ज नाकारायचे, हा व्यवहार गावातला सावकारही मान्य करणार नाही. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचा अविश्वासूपणाचा शब्द काढला; १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येत नाही असे स्पष्ट केले; आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. तो शब्द निघाला त्या वर्षी कर्जाची कबुली सुरू झाली, असे मी मानतो. फेड हा निराळा विषय.

बेने इस्राएलांना पितृभूमीतही सारे सुखाचे लाभले नाही. १९६२ साली तेथील मुख्य धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश दिला. शनवार तेल्यांना कोकणात कोणी न विचारलेला प्रश्न त्यांना स्वकीयांनी विचारला. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये सर्व बाबतींत यहुदी म्हणून त्यांची समानता मान्य झाली. त्यांतले बहुसंख्य आज तिकडेच आहेत. येथे काही हजार उरले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. नवगावच्या दफनभूमीत बुडालेल्या पूर्वजांचे स्मारक उभे आहे, आणि इस्राएलहून माहेरी आलेली कुटुंबे अलिबागच्या रस्त्याने आधी तेथे जातात.